कार्यशाळेत जमते ते प्रत्यक्ष आणीबाणीत का जमत नाही? आपत्कालीन व भूलशास्त्रीय प्रशिक्षणाविषयी

प्रश्न : भूलशास्त्र अध्यापक

नमस्कार. पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, आंतरवासी डॉक्टर आणि शस्त्रक्रियागृह व अतिदक्षता विभागातील परिचारिका व तंत्रज्ञ या सर्वांना आणीबाणीच्या प्रसंगांसाठी तयार करण्याचे काम माझ्याकडे आहे. सध्याची पद्धत बहुतेक ठिकाणी असते तीच आहे: वर्षातून एकदा दोन दिवसांची कार्यशाळा, त्यात व्याख्याने, पुतळ्यावर छाती दाबण्याचा आणि बॅग-मास्कने (तोंडा-नाकावर धरायचा मास्क व त्याला जोडलेली हाताने दाबायची पिशवी) श्वास देण्याचा सराव, श्वासनलिकेत नळी घालण्याचे प्रात्यक्षिक आणि शेवटी लेखी परीक्षा. जवळजवळ सगळे चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होतात, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि पुढचे वर्षभर त्या विषयाला कोणी हात लावत नाही.

अडचण पुढे दिसते. काही महिन्यांनी एखाद्या रुग्णाचे हृदय बंद पडते, तेव्हा हीच मंडळी खाटेभोवती जमतात. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोली, दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन, हे आकडे कोणालाही झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. तरीही दाब मध्येच थांबतात आणि ते थांबले आहेत हे बराच वेळ कोणाच्या लक्षात येत नाही. औषध शिरेतून गेले की नुसतेच सिरिंजमध्ये भरून ठेवले, याबद्दल दोघांची दोन उत्तरे येतात. चार जण श्वासमार्गाशी गुंतलेले असतात आणि डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा धक्का देणारे यंत्र) आणायला कोणीच गेलेले नसते. याचे कारण ज्ञानाचा अभाव आहे असे मला वाटत नाही.

म्हणून तीन गोष्टी विचारायच्या आहेत. वर्षातून एकदाची कार्यशाळा मोडून तोच वेळ लहान तुकड्यांत वाटावा का? संगणकावर चालणारा, नाडी व श्वास दाखवणारा महाग मॅनिकिन घेण्याचा प्रस्ताव विभागासमोर आहे, तो खर्च सार्थकी लागेल का? आणि विद्यार्थी, परिचारिका व डॉक्टर यांना एकत्र शिकवावे की आधी वेगवेगळे? ज्यांनी हे काम सातत्याने केले आहे त्यांचे मत वाचायला आवडेल.

---

उत्तर १ : भूलतज्ज्ञ, सिम्युलेशन (कृत्रिम प्रसंगांतून सराव) प्रशिक्षक

आपले निदान योग्य आहे, आणि आपल्या शाखेला ही गोष्ट फार पूर्वी जाणवली होती. १९६० मध्ये नॉर्वेतील खेळणी बनवणारे आस्मुंड लार्डाल यांनी पीटर साफर आणि ब्यर्न लिंड या भूलतज्ज्ञांच्या सल्ल्याने ‘रेसुसी ॲन’ हा पुतळा तयार केला, आणि तोंडाने श्वास देणे व छाती दाबणे ही कौशल्ये कोणाच्याही जिवाला धोका न पोहोचवता शिकवता येऊ लागली. पुढे १९८० च्या दशकात स्टॅनफर्ड येथे डेव्हिड गाबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण शस्त्रक्रियागृहाचे वातावरण उभे करून भूलतज्ज्ञांचे निरीक्षण केले. तेथे जे दिसले ते आपण वर्णन केलेल्या चित्राशी जुळते: औषधांची आणि शरीरक्रियेची उत्तम जाण असलेले डॉक्टरही मदत उशिरा मागत, एकाच शक्यतेला चिकटून बसत, आणि खोलीतल्या इतर माणसांचा उपयोगच करून घेत नसत. विमान उड्डाण क्षेत्रातील चमूप्रशिक्षणाचा आधार घेऊन त्यांनी जो अभ्यासक्रम रचला, त्यात नेतृत्व, कामाची वाटणी, मदतीची वेळेवर हाक आणि परिस्थितीचा पुन्हा पुन्हा आढावा या गोष्टी शिकवण्याचे विषय म्हणून प्रथमच नीट मांडल्या गेल्या.

हे किती खोल आहे हे समजण्यासाठी माझ्या विद्यार्थ्यांसमोर मी नेहमी इंग्लंडमधील एलेन ब्रोमिली यांची सार्वजनिक नोंदीत असलेली घटना ठेवते. २००५ मध्ये सायनसच्या नियोजित शस्त्रक्रियेसाठी भूल दिल्यावर त्यांचा श्वासमार्ग सुरक्षित करता आला नाही. उपस्थित डॉक्टर अनुभवी होते, साधने हाताशी होती, आणि नळी घालणे अशक्य व ऑक्सिजन पोहोचवणेही अशक्य अशा स्थितीत गळ्यातून मार्ग करायचा असतो हे त्या सर्वांना माहीत होते. तरीही नळी घालण्याचे प्रयत्न चालूच राहिले. एका परिचारिकेने ट्रॅकिओस्टॉमीचा (गळ्यातून श्वासमार्ग करण्याचा) संच आणून ठेवला होता, दुसरीने अतिदक्षता विभागात खाटेची चौकशी केली होती. काय करायला हवे हे खोलीतल्या काहींना समजले होते, पण ते डॉक्टरांपर्यंत पोहोचेल अशा रीतीने मांडले गेले नाही. एलेन यांचा १३ दिवसांनी मृत्यू झाला. त्यांचे पती मार्टिन ब्रोमिली स्वतः वैमानिक आहेत. त्यांनी कोणाला शिक्षा व्हावी असा आग्रह न धरता या घटनेतून काय शिकता येईल यावर पुढील सर्व काम केले. लेखी परीक्षा त्या खोलीतील प्रत्येक जण उत्तीर्ण झाला असता.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळते. होय, कार्यशाळा मोडा. पुनरुज्जीवनाची (बंद पडलेले हृदय व श्वास पुन्हा सुरू करण्याची) कौशल्ये प्रशिक्षणानंतर ३ ते ६ महिन्यांतच ओसरू लागतात, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे; मग वर्षभराने किंवा दोन वर्षांनी प्रमाणपत्राचे नूतनीकरण करून काय साधणार? दर तीन महिन्यांनी, किंवा जमल्यास त्याहून लवकर, पंधरा-वीस मिनिटांचा सराव ठेवा. त्यात एकच गोष्ट घ्या. उदाहरणार्थ, एका वेळी फक्त बॅग-मास्कने श्वास देणे: एकाने दोन्ही हातांनी जबडा वर ओढून मास्क घट्ट धरायचा, दुसऱ्याने बॅग दाबायची आणि दोघांनीही छाती वर येते का ते पाहायचे. नळी घालण्याच्या कौशल्याभोवती विद्यार्थ्यांना मोठे आकर्षण असते, पण आपत्कालीन प्रसंगी त्यांच्या हातून रुग्ण वाचणार आहे तो बहुधा नीट धरलेल्या मास्कने. अभ्यासक्रमात मात्र याला शेवटची दहा मिनिटे मिळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हाताचे कौशल्य आणि चमूचा सराव यांची सरमिसळ मात्र करू नका. ज्याला मास्क धरता येत नाही त्याला प्रसंगनाट्यात उभे केले तर त्याचे सगळे लक्ष बोटांकडे राहते, आणि नेत्याचे म्हणणे ऐकणे, ऐकलेली सूचना मोठ्याने परत सांगणे, शंका विचारणे यातले काहीच तो शिकत नाही. आधी कौशल्य ठरलेल्या पातळीपर्यंत न्यावे, मग ज्यांना ते येते त्यांना एकत्र आणावे. आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आले: कौशल्ये वेगवेगळी शिकवली तरी चालतील, पण प्रसंगाचा सराव मात्र जे प्रत्यक्षात एकत्र काम करतात त्यांनी एकत्रच करायला हवा. केवळ डॉक्टरांनी परिचारिकेची भूमिका वठवून केलेल्या सरावात चमू तयार होत नाही.

---

उत्तर २ : अतिदक्षता विभाग, परिचारिका-प्रशिक्षक

मॅडमांनी सांगितले त्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. त्यात जागेविषयी थोडे सांगते, कारण प्रशिक्षणाची जागा बदलली की शिकवण बदलते.

सिम्युलेशन कक्षात सगळे काही हाताशी मांडलेले असते. वॉर्डात तसे नसते. तोच सराव वॉर्डातल्या रिकाम्या खाटेवर, त्या पाळीच्या माणसांना घेऊन आणि तिथल्याच ट्रॉलीवर केला की ज्या गोष्टी कोणत्याही व्याख्यानात येत नाहीत त्या समोर येतात. ऑक्सिजनचा सिलिंडर आहे पण तो उघडायची चावी दुसऱ्या खोलीत आहे. लॅरिंगोस्कोपचा (नळी घालताना घसा पाहण्याच्या साधनाचा) दिवा लागत नाही. सक्शनची (घशातील स्राव ओढून घेणारी) नळी भिंतीपासून खाटेच्या डोक्यापर्यंत पोहोचत नाही. खाटेची डोक्याकडची फळी कशी काढायची हे कोणालाच माहीत नाही. आणि ज्या कपाटात आणीबाणीची औषधे ठेवली आहेत त्याला कुलूप आहे. या उणिवा कोणा एका व्यक्तीच्या नाहीत. त्या व्यवस्थेत दडून बसलेल्या असतात, आणि सराव झाला नाही तर त्या थेट रुग्णाच्या खाटेशी उघड होतात. म्हणून प्रत्येक सरावानंतर सापडलेल्या त्रुटींची यादी, त्या दूर करणाऱ्याचे नाव आणि मुदत, हे लिहून काढल्याशिवाय मी सराव पूर्ण झाला असे समजत नाही.

दुसरी गोष्ट संवादाची. ‘कोणीतरी ॲड्रेनॅलिन द्या’ हे वाक्य आमच्या सरावात चालत नाही. नेत्याने नाव घेऊन सांगायचे, ज्याला सांगितले त्याने औषध व मात्रा मोठ्याने उच्चारायची, आणि दिल्यानंतर ‘१ मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन शिरेतून दिले’ असे पुन्हा सांगायचे. वेळ नोंदवणाऱ्याने ते लगेच लिहायचे. सुरुवातीला मंडळींना हे कृत्रिम वाटते, पण औषध दिले की नाही हा आपला प्रश्न या एका सवयीने बऱ्याच अंशी सुटतो. नेत्याने शक्यतो स्वतःच्या हाताने कोणतेही काम करू नये, खाटेच्या पायथ्याशी उभे राहावे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण नेता एकदा शिरेचा मार्ग शोधायला वाकला की त्याच्यापुरती संपूर्ण खोली त्या एका हाताएवढी होते.

कनिष्ठांच्या बोलण्याविषयीही सांगायला हवे. ‘शंका आली तर बोला’ असा नुसता उपदेश केल्याने कोणी बोलत नाही. त्यासाठी पायऱ्या ठरवून द्याव्या लागतात आणि त्या वाक्यांचा तोंडी सराव करून घ्यावा लागतो. आधी प्रश्न: ‘सर, ऑक्सिजनची पातळी कमी होते आहे, आपण पाहिलेत का?’ मग काळजी: ‘नळी योग्य जागी नसावी अशी मला काळजी वाटते.’ आणि तरीही उत्तर आले नाही तर स्पष्ट थांबवणे: ‘सर, आपण थांबू या आणि मास्कने ऑक्सिजन देऊ या.’ वरिष्ठांकडूनही एक गोष्ट अपेक्षित आहे, ती म्हणजे अशा वाक्याला ‘धन्यवाद, पाहतो’ असे उत्तर देणे. सरावात आम्ही कधी कधी वरिष्ठांना आधी सांगून जाणूनबुजून चुकीची सूचना द्यायला लावतो आणि विद्यार्थी टोकतात का ते पाहतो. हा प्रकार मात्र जपून आणि नंतर पूर्ण उलगडा करूनच करावा.

---

उत्तर ३ : भूलशास्त्र, पदव्युत्तर विद्यार्थी

सर, मॅडम, विद्यार्थ्याच्या बाजूने दोन मुद्दे मांडतो.

आणीबाणीच्या प्रसंगी पदवीच्या विद्यार्थ्याला बहुतेक वेळा भिंतीशी उभे राहून पाहायला सांगितले जाते. त्यामागे रुग्णाच्या सुरक्षिततेचा विचार आहे हे समजते, पण नुसते पाहून चमूचा भाग होता येत नाही. विद्यार्थ्याला झेपेल असे खरे काम द्यावे: वेळ नोंदवणे, दर दोन मिनिटांनी छाती दाबणाऱ्याची बदली जाहीर करणे, दाब दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ थांबले तर मोठ्याने सांगणे, आणि पाळीने स्वतः दाब देणे. ही कामे सरावात ज्याने केली आहेत तो प्रत्यक्ष प्रसंगात आपली जागा स्वतःहून शोधतो.

दुसरा मुद्दा शस्त्रक्रियागृहातील रोजच्या कामाचा आहे. भूलशास्त्राच्या पाळीकडे विद्यार्थी विश्रांतीची पाळी म्हणून पाहतात आणि कधी कधी विभागही तसेच पाहू देतो. वास्तविक श्वासमार्ग, शिरेचा मार्ग आणि मॉनिटरचे वाचन शांत वातावरणात, ज्येष्ठांच्या नजरेखाली आणि रुग्णाच्या संमतीने शिकण्याची इतकी चांगली संधी दुसऱ्या कोणत्याही विभागात नाही. भूल देण्यापूर्वी तीन मिनिटे शुद्ध ऑक्सिजन का द्यायचा, हे पुस्तकात वाचणे वेगळे. आणि नेहमीच्या हवेवर असलेल्या निरोगी प्रौढाचा ऑक्सिजन श्वास थांबल्यावर एखाद्या मिनिटातच उतरू लागतो, तर नीट ऑक्सिजन भरून घेतलेल्याला सुमारे आठ मिनिटांचा अवधी मिळू शकतो, आणि स्थूल, गर्भवती व लहान मुलांत हा अवधी फार कमी असतो, ही गोष्ट खाटेशी उभे राहून शिक्षकाने समजावणे वेगळे. ज्याला हे उमगले तो आपत्कालीन कक्षातही नळी घालण्याची घाई न करता आधी मास्क लावतो.

---

उत्तर ४ : आपत्कालीन वैद्यक, सहयोगी प्राध्यापक

महाग मॅनिकिनच्या प्रश्नावर अद्याप कोणी थेट बोलले नाही, म्हणून लिहितो. माझे मत असे की आपली पहिली खरेदी ती नसावी, पण ते यंत्र निरुपयोगी आहे असे जे सर्रास म्हटले जाते तेही मला मान्य नाही. छाती दाबणे, मास्क धरणे, गळ्यातून मार्ग करणे ही कौशल्ये साध्या पुतळ्यावर उत्तम शिकवता येतात. जागतिक आरोग्य संघटना आणि रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०१८ मध्ये आणलेला मूलभूत आपत्कालीन उपचारांचा अभ्यासक्रम मुळात कमी साधनांच्या ठिकाणांसाठीच आहे. मात्र भूलशास्त्रात असे काही प्रसंग असतात की जे एखाद्या डॉक्टरच्या संपूर्ण कारकिर्दीत एकदाही येणार नाहीत आणि आले तर सावरायला फार थोडा वेळ मिळतो. घातक अतितापाचे (भुलेच्या काही औषधांमुळे शरीराचे तापमान झपाट्याने चढण्याचे) उदाहरण घ्या. त्यावरील डँट्रोलीन या औषधाची सुरुवातीची मात्रा किलोला २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या रुग्णाला १७५ मिलिग्रॅम. जुन्या स्वरूपातील कुपीत २० मिलिग्रॅम औषध असते आणि प्रत्येक कुपीत ६० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून ते हलवत विरघळवावे लागते. म्हणजे नऊ कुप्या आणि अर्ध्या लिटरहून जास्त पाणी. हे काम एका माणसाचे नाही, त्यासाठी वेगळे हात राखून ठेवावे लागतात, आणि ही गोष्ट गणित सोडवून कळत नाही, मुदत संपलेल्या कुप्या खरोखर विरघळवून पाहिल्या की कळते. अशा वेळी तापमान, नाडी व श्वासातील कार्बन डायऑक्साइड चढत जाताना दाखवणारे यंत्र उपयोगी पडते. तरी तेही नसेल तर मॉनिटरचे चित्र दाखवणारा एक टॅब्लेट आणि तो हाताळणारा जाणकार शिक्षक एवढ्यावर बरेच भागते.

अशा दुर्मीळ प्रसंगांसाठी स्मरणशक्तीवर भिस्त ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७ शस्त्रक्रियागृह-चमूंना कृत्रिम आणीबाणीच्या १०६ प्रसंगांतून नेण्यात आले. आणीबाणीची तपासणीयादी हाताशी असताना जीवरक्षक पायऱ्यांपैकी ६ टक्के सुटल्या आणि ती नसताना २३ टक्के. मात्र यादी भिंतीवर टांगली म्हणजे वापरली जाते असे नाही. ती मोठ्याने कोण वाचणार हे ठरलेले असावे आणि तिचाही सराव व्हावा. वाचक नेत्याव्यतिरिक्त दुसरा कोणी असलेला बरा.

वॉर्डातील सरावाबद्दल सिस्टरांनी जे लिहिले ते फार मोलाचे आहे, पण त्यात एक सावधगिरी जोडतो. सरावासाठी आणलेली औषधे, पाण्याने भरलेल्या सिरिंज व मुदत संपलेल्या कुप्या खऱ्या साठ्यात मिसळण्याचा धोका खरा आहे. त्यांवर ठळक लेबल लावावे, सुरुवातीला व शेवटी मोजून घ्याव्यात, आणि खऱ्या रुग्णाला गरज पडल्यास सराव तत्काळ थांबवण्याचा शब्द सर्वांना आधीच ठाऊक असावा. विभागात ताण जास्त असेल त्या दिवशी सराव पुढे ढकलायला संकोच करू नये.

---

प्रश्नकर्ता : भूलशास्त्र अध्यापक

सर्वांचे आभार. मॅनिकिनचा प्रस्ताव सध्या बाजूला ठेवून साधे पुतळे, जास्तीचे मास्क आणि प्रशिक्षकांचा वेळ यांसाठी मागणी करावी असे आता वाटते. दोन गोष्टी अजून स्पष्ट झाल्या तर बरे होईल. सरावानंतरची चर्चा कशी घ्यावी? आमच्याकडे ती लवकरच चुकांच्या यादीत बदलते आणि पुढच्या वेळी लोक यायला तयार होत नाहीत. आणि प्रशिक्षणाचा उपयोग झाला हे लेखी गुणांशिवाय कशावरून ठरवावे?

---

उत्तर ५ : भूलतज्ज्ञ, सिम्युलेशन प्रशिक्षक

चर्चेचे यश बरेचसे सरावाच्या आधीच ठरते. सुरुवातीला पाच मिनिटे काढून सांगावे की हा कोणाच्या मूल्यमापनाचा प्रसंग नाही, येथे घडलेले येथेच राहील, आणि समोर असलेला प्रत्येक जण हुशार आहे व त्याला काम चांगलेच करायचे आहे, असे आम्ही गृहीत धरतो. हे बोलून नंतर तेच गुण वार्षिक अहवालात टाकले तर विश्वास परत मिळणार नाही, म्हणून परीक्षेचा सराव आणि शिकण्याचा सराव वेगळे ठेवावेत.

सराव संपल्यावर प्रथम भावना मोकळ्या होऊ द्याव्यात; ज्याने आत्ताच कृत्रिम का होईना पण रुग्ण गमावला आहे तो लगेच विश्लेषण ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो. नंतर काय घडले याचा क्रम सर्वांनी मिळून लावावा, कारण पुष्कळदा खोलीतल्या पाच जणांच्या मनात पाच वेगळे रुग्ण असतात. मग एक-दोन मुद्देच निवडावेत. प्रश्न विचारताना आपण काय पाहिले, त्याबद्दल आपल्याला काय वाटले आणि त्यामागे समोरच्याचा विचार काय होता, हे तिन्ही उघड ठेवावे: ‘कॅप्नोग्राफवर (श्वासातील कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्रावर) रेषा सपाट दिसत असताना नळी तशीच राहिली हे मी पाहिले. मला काळजी वाटली, कारण नळी अन्ननलिकेत असण्याची शक्यता होती. त्या क्षणी तुम्ही कशाचा विचार करत होतात?’ उत्तर बहुतेक वेळा शिकवण्यासारखे असते. एखादा म्हणतो की हृदय बंद असल्यामुळे रेषा सपाट असणार असे वाटले, आणि मग सर्वांसमोर सांगता येते की नळी योग्य जागी असेल व छातीवर दाब चालू असतील तर रेषा लहान होते पण बहुधा पूर्ण सपाट होत नाही, म्हणून सपाट रेषेला नळी चुकीच्या जागी आहे असेच समजून तपासावे. आधी कारण न विचारता ‘तुम्ही नळी का काढली नाही?’ असे म्हटले असते तर हा गैरसमज तसाच राहिला असता. नुसत्या हातकौशल्याच्या सरावात मात्र इतकी चर्चा नको. तेथे चूक दिसली की थांबवावे, दुरुस्त करून दाखवावे आणि लगेच पुन्हा करून घ्यावे.

मोजमापासाठी घड्याळ हे सर्वात स्वस्त साधन आहे. हृदय बंद पडल्याचे ओळखल्यापासून पहिल्या दाबापर्यंतचा वेळ, हृदयाची लय विजेचा धक्का देण्याजोगी असेल तर पहिल्या धक्क्यापर्यंतचा वेळ, जो दोन मिनिटांच्या आत असावा असे उद्दिष्ट असते, दाब थांबलेल्या अवधींची लांबी, आणि एकूण वेळापैकी किती टक्के वेळ दाब प्रत्यक्ष चालू होते. हा शेवटचा आकडा किमान ६० असावा आणि चांगल्या चमूने ८० च्या वर न्यावा. हेच चार आकडे सरावात नोंदवा आणि प्रत्यक्ष प्रसंगांनंतरही नोंदवा. सरावातील आकडे सुधारले आणि वॉर्डातील सुधारले नाहीत, तर सरावाची जागा किंवा सरावाला येणारी माणसे चुकत आहेत असे समजावे. बहुधा रात्रपाळी राहून गेलेली असते.

---

उत्तर ६ : अतिदक्षता विभाग, परिचारिका-प्रशिक्षक

रात्रपाळीचा उल्लेख झाला ते बरे झाले. आमचा अनुभव असा की दिवसा केलेल्या सरावाचा लाभ ज्यांना मिळतो त्यांना मदतही लवकर मिळते, आणि रात्री जिथे माणसे कमी असतात तिथेच सराव नसतो. पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांची माणसे हजर असताना, दहा मिनिटांचा सराव ठेवला तर दोघांनाही घेता येते. नोंदीसाठी ट्रॉलीवरच एक छापील कागद आणि पेन अडकवून ठेवा, त्यावर वेळ, दाबांची बदली, औषध व धक्का एवढेच रकाने असू द्या, आणि तो भरण्याचे काम आपल्या विद्यार्थ्यांकडे द्या.